रडार डिटेक्टर प्री-बुक करायचा म्हणताय? जरा थांबा की

सांगलीच्या एका दादांचा प्रश्न आलाय. बेदाण्याचा धंदा, आठवड्यातून दोनदा पुण्याला गाडी, वर्षभरात ओव्हरस्पीडची चार चलानं. आता परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा नवीन रडार डिटेक्टर (पुढं पोलिसांचं स्पीड मोजणारं रडार असलं की गाडीत अलार्म वाजवणारं मशिन) येणाराय, अजून बाजारात नाही पण आत्ता बुक केला तर ५५ हजार, त्यासाठी एफडी मोडू का म्हणून विचारतायत.

नको दादा. एफडीला तर हातच लावू नका.

आधी साधा हिशोब करू. कायद्यात कारला ओव्हरस्पीडचा दंड १ ते २ हजार आहे. २ हजार धरले तरी ५५ हजारात २७ चलानं बसतात, म्हणजे तुमच्या चालीनं पावणेसात वर्षं, त्यात कस्टम ड्युटी अजून धरलीच नाही. आणि एफडी ७ टक्क्यांची असली तर वर्षाला ३,८५० व्याज जातं ते वेगळंच. आता म्हणून चलानं भरत बसा असं नाही हां, परत परत सापडलात तर लायसन्स जप्त व्हायची तरतूद आहे.

पण माझी खरी अडचण त्या जाहिरातीशी आहे. लांबून पकडणार, खोटे अलार्म नाहीत, एआय आहे, बाकीचं नंतर अपडेटमध्ये देऊ. अहो तासगावच्या सौद्यात बॉक्स फोडून बघितल्याशिवाय तुम्ही बोली लावता का? मग इथं न बनलेल्या मालाला आगाऊ पैसे कशाला. शिवाय ही मशिनं मुळात अमेरिकेतल्या पोलिसांच्या रडारसाठी केलेली, के आणि केए बँड, म्हणजे साधारण २४ आणि ३३ ते ३६ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी. आपल्याकडं हायवेला इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांची स्पीड तपासायची गाडी, उभी असते तिच्यात लेझर गन, त्या गनचा झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद, तो तुमच्याच गाडीवर पडतो आणि डिटेक्टर ओरडेपर्यंत स्पीड मोजून झालेलं असतं. पुण्याच्या पुढं एक्स्प्रेसवेला गेलात तर तिथं दोन कॅमेऱ्यांमधला वेळ धरून सरासरी स्पीडही काढतात, नंबरप्लेटचा फोटो असतो नुसता, त्यात डिटेक्टरला सापडण्यासारखं काहीच नाही. उलट शेजारच्या गाडीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर, दुकानाचा आपोआप उघडणारा दरवाजा, हेसुद्धा बऱ्याचदा २४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतात, त्यावर मात्र तो मन लावून बोंबलणार. (एका क्लायंटच्या गाडीत बसून खंबाटकी उतरलोय, त्यानं शेवटी आवाजच बंद करून टाकला, २० हजाराचं शोपीस.)

तरी हौस असेल तर माल बाजारात येऊ दे, लोकांनी भारतातल्या रस्त्यावर वापरू दे, इथं वॉरंटी कोण देणार ते लेखी घ्या, आणि मग महिन्याला ५ हजार बाजूला टाकून ११ महिन्यांनी घ्या. मला वाटतं तोवर तुमचीच हौस फिटलेली असेल. फोनवरच्या गुगल मॅप्समध्ये स्पीड लिमिट आणि कॅमेऱ्याची सूचना फुकट येते, ती आजच चालू करा. आणि ती चार चलानं भरलीत का नाही ते प्रश्नात लिहिलंच नाही तुम्ही, तेवढं सरकारच्या ई-चलान साइटवर बघून घ्या.