पहिल्या दोन वर्षांचे गुण आणि मेडिकल स्कूलचा अर्ज

प्रश्न : मी ओहायोमध्ये कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात शिकते आहे. पहिल्या दोन वर्षांची ६० क्रेडिट पूर्ण झाली तेव्हा माझा जीपीए, म्हणजे ४ पैकी श्रेणींची सरासरी, २.५ होता. त्या काळात बाबांची नोकरी गेली होती. मी आठवड्याला तीस तास एका औषधांच्या दुकानात काम करत होते आणि तरीही प्रत्येक सेमिस्टरला विज्ञानाचे दोन-तीन विषय घेत होते. जनरल केमिस्ट्रीच्या दोन्ही भागांत सी आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात डी मिळाला. आता बाबा पुन्हा नोकरीला लागले आहेत, मी काम बरेच कमी केले आहे आणि गेल्या सेमिस्टरचा जीपीए ३.८ आला. बरोबरच्या मैत्रिणी येत्या जूनमध्ये मेडिकल स्कूलसाठी अर्ज भरणार आहेत. कॉलेजमधल्या सल्लागारांनी मला मात्र दुसरे क्षेत्र पाहण्यास सांगितले. माझी संधी खरोखरच संपली आहे का? जुने विषय पुन्हा घेऊन ते गुण पुसता येतील का?
— तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, ओहायो

उत्तर : तुमची संधी संपलेली नाही, परंतु येत्या जूनमध्ये तुम्ही अर्ज भरू नये. या दोन्ही गोष्टी मी सुरुवातीलाच सांगतो आहे, कारण तुमच्यासारख्या स्थितीतील विद्यार्थ्यांचे खरे नुकसान पहिल्या दोन वर्षांच्या गुणांपेक्षा मैत्रिणींबरोबर अर्ज भरण्याच्या घाईने होताना मी अनेकदा पाहिले आहे.

आधी गुण पुसण्याबद्दल. एमडी, म्हणजे अमेरिकेतील डॉक्टरची नेहमीची पदवी, देणाऱ्या बहुतेक मेडिकल स्कूलचे अर्ज 'ॲमकॅस' या केंद्रीय सेवेमार्फत जातात. ही सेवा तुमच्या कॉलेजने काढलेला जीपीए जसाच्या तसा स्वीकारत नाही, तर ट्रान्सक्रिप्टवरील प्रत्येक विषय घेऊन तो स्वतः नव्याने मोजते आणि एखादा विषय दोनदा घेतला असेल तर दोन्ही वेळचे गुण धरते. डीओ या डॉक्टरच्या दुसऱ्या, ऑस्टिओपॅथिक पदवीच्या कॉलेजांसाठी असलेल्या 'ॲकोमॅस' या सेवेत पूर्वी नवा गुण जुन्याची जागा घेत असे, परंतु ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. तेव्हा जुने गुण कायम राहणार हे गृहीत धरूनच पुढचा विचार करायला हवा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग तुम्हाला पुन्हा घ्यावा लागेल, कारण आवश्यक विषयात सी पेक्षा कमी श्रेणी बहुतेक ठिकाणी चालत नाही. जनरल केमिस्ट्रीतील सी मात्र तसाच राहू द्यावा. तो विषय पुन्हा घेऊन ए मिळवण्यापेक्षा बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी अशा वरच्या पातळीच्या विषयांत ए मिळवणे अधिक बोलके ठरते, कारण ज्या पायावर हे विषय उभे आहेत तो पाया आता पक्का झाला आहे हे त्यातून आपोआप दिसते.

आता आकडे पाहू. तुमच्या सल्लागारांचा हिशेब चुकलेला नाही, निष्कर्ष मात्र घाईने काढलेला आहे. पहिल्या ६० क्रेडिटला २.५ आणि उरलेल्या ६० क्रेडिटला ३.८ असे धरले, तर पदवीच्या शेवटी एकूण जीपीए ३.१५ होतो. एमडी अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.८ च्या जवळ आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेतील सरासरी गुण ५१२ च्या जवळ आहे, हे लक्षात घेतले की ३.१५ हा आकडा निराश करतो. परंतु पदवीनंतर एक वर्ष 'पोस्ट-बॅक' म्हणून विज्ञानाची आणखी ३० क्रेडिट ३.९ ने पूर्ण केली, तर एकूण जीपीए ३.३० वर येतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा वेगळा मोजला जाणारा विज्ञान जीपीए याहून लवकर हलतो, कारण त्यात क्रेडिट कमी असतात. समजा तुमची विज्ञानाची पहिली ३० क्रेडिट २.२ ने झाली, पुढील दोन वर्षांत ४० क्रेडिट ३.८ ने झाली आणि पोस्ट-बॅकची ३० क्रेडिट ३.९ ने झाली, तर विज्ञान जीपीए ३.३५ होतो, म्हणजे एकूण जीपीएच्याही थोडा पुढे जातो.

३.३ हा काही उंच आकडा नाही, असे तुम्ही म्हणाल आणि ते खरेच आहे. पण प्रवेश समितीसमोर हा एकटा आकडा येत नाही. ॲमकॅसच्या अर्जात पहिले वर्ष, दुसरे वर्ष, तिसरे, चौथे आणि पोस्ट-बॅक अशा स्वतंत्र ओळींत जीपीए छापलेला असतो. तुमच्या अर्जात वरच्या दोन ओळी अडीचच्या आसपास आणि खालच्या तीन ओळी पावणेचारच्या वर असतील. जो विद्यार्थी चारही वर्षे ३.३ वर रेंगाळला, त्याच्यापेक्षा तुमचा तक्ता वेगळी गोष्ट सांगतो. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना, म्हणजे एएएमसी, जीपीए आणि एमकॅट यांच्या जोडीने किती अर्जदारांना प्रवेश मिळाला याचा तक्ता प्रसिद्ध करते आणि सल्लागार बहुधा त्याच तक्त्यावर बोट ठेवतात. त्या तक्त्यात चढत गेलेला ३.३ आणि घसरत आलेला ३.३ एकाच चौकटीत मोजलेले असतात, ही गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगायला हवी होती.

आज मात्र तुमच्या खालच्या ओळींत एकच चांगले सेमिस्टर आहे. येत्या जूनमध्ये अर्ज भरला तर समितीला फार तर दोन दिसतील आणि एवढ्याने बदल टिकाऊ आहे असे कोणी मानणार नाही. शिवाय नकार आला तर पुढच्या अर्जाच्या वेळी अनेक मेडिकल स्कूल तुम्ही पूर्वी अर्ज केला होता का आणि त्यानंतर काय बदलले, असे विचारतात. म्हणून पदवी पूर्ण करावी, त्यानंतर एक वर्ष पोस्ट-बॅक करावे, त्या वर्षाच्या वसंत ऋतूपर्यंत एमकॅट द्यावी आणि त्या जूनमध्ये, अर्ज स्वीकारणे सुरू होताच, पहिल्या काही दिवसांत अर्ज भरावा, असे माझे मत आहे. प्रवेश त्यानंतरच्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर होतो. म्हणजे तुम्ही मैत्रिणींच्या दोन वर्षे मागे राहाल. हे सोसणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे, परंतु आज मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर किमान एक वर्ष थांबून आलेले असतात.

या काळात विषयांचा भार हलका ठेवू नका. दर सेमिस्टरला चौदा-पंधरा क्रेडिट आणि त्यात विज्ञानाचे दोन-तीन विषय असतील तरच त्या ए श्रेणींना वजन येते, कारण मेडिकल स्कूलमध्ये यापेक्षा कितीतरी जड भार असतो आणि तो तुम्हाला पेलेल का, एवढाच समितीचा प्रश्न असतो. मात्र याच कारणासाठी तीस तासांची नोकरी पुन्हा धरू नका. घरची अडचण पुन्हा उद्भवली तर क्रेडिट कमी करा, पण दोन्ही ओझी एकदम घेऊ नका, कारण पहिल्या दोन वर्षांत नेमके तेच घडले होते.

एमकॅटचे चार विभाग असतात, प्रत्येकाचे गुण ११८ ते १३२ आणि एकूण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात. कमी जीपीएच्या अर्जदाराला ही परीक्षा मोठा आधार देते, कारण वेगवेगळ्या कॉलेजांतील गुणांची तुलना अवघड असते आणि इथे सर्वांची मोजपट्टी एकच असते. ती एका वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदा देता येते, परंतु ॲमकॅसमार्फत दिसणाऱ्या गुणांतून नको तो प्रयत्न लपवता येत नाही. म्हणून बायोकेमिस्ट्री आणि फिजिक्स पूर्ण होईपर्यंत आणि एएएमसीच्या पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत तुम्हाला हवा तो गुण सलग मिळू लागेपर्यंत तारीख घेऊ नका.

पहिल्या दोन वर्षांबद्दल लिहावे का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात असणारच. अवश्य लिहावे, मात्र थोडक्यात. मुख्य निबंधासाठी ५३०० अक्षरांची जागा असते आणि ती तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे यासाठी राखून ठेवावी. कौटुंबिक वा आर्थिक अडचणींसाठी अर्जात १३२५ अक्षरांचा एक वेगळा, ऐच्छिक निबंध असतो. बाबांची नोकरी गेली, मी तीस तास काम केले, मदत मागायला उशीर केला, नंतर अमुक बदलले, एवढी चार-सहा वाक्ये तिथे पुरतात. प्राध्यापकांना किंवा परीक्षेला दोष देणारे एकही वाक्य त्यात नसावे. औषधांच्या दुकानातील काम अनुभवांच्या पंधरा नोंदींमध्ये मानाने लिहावे. पगारी काम वैद्यकीय सेवेत मोडत नाही म्हणून आपली मुले ते अर्जातून गाळतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण घराला हातभार लावण्यातून जी जबाबदारी दिसते ती डॉक्टरांच्या मागे फिरून घालवलेल्या तासांतून दिसत नाही. त्याबरोबरच रुग्णांच्या प्रत्यक्ष सहवासाचा अनुभवही हवा. रुग्णवाहिकेवरील इएमटी, डॉक्टरांची टिपणे लिहिणारे स्क्राइब, हॉस्पिसमधील, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या सेवाकेंद्रातील, स्वयंसेवक यांपैकी एखादे काम दोन वर्षे टिकवून करावे.

तिसऱ्या वर्षात आणि पुढे ज्या प्राध्यापकांकडे तुम्ही शिकाल, त्यांच्यापैकी विज्ञानाच्या किमान दोघांशी ओळख वाढवा. तुमच्या बदललेल्या अभ्यासाविषयी शिफारसपत्रात तेच लिहू शकतील.

प्रश्न : आमच्या मुलाने २.९ जीपीएने पदवी घेतली आणि एमकॅटमध्ये त्याला ४९७ गुण मिळाले. कॅरिबियन बेटांवरील एक मेडिकल स्कूल त्याला लगेच प्रवेश देत आहे. माझे पती म्हणतात, वर्ष वाया घालवण्यापेक्षा हे बरे. कुणी 'स्पेशल मास्टर्स' करायला सांगतात. आम्ही काय करावे?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या मनातील धाकधूक योग्यच आहे. प्रवेश मिळणे आणि डॉक्टर होणे यांमध्ये अमेरिकेत रेसिडेन्सीचा, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाचा, उंबरठा असतो. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा ठरवण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, अमेरिकेतील एमडी आणि डीओ या दोन्ही प्रकारच्या कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातील नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना रेसिडेन्सी मिळाली, तर परदेशी मेडिकल स्कूलमधून आलेल्या अमेरिकन नागरिकांमध्ये हे प्रमाण सुमारे ६७ टक्के होते. शिवाय या ६७ टक्क्यांच्या हिशेबात मॅचपर्यंत पोहोचलेलेच येतात. पहिल्या दोन वर्षांत गळालेल्या आणि कर्ज घेऊन परतलेल्या मुलांची त्यात गणतीच नसते. तिथून शिकून उत्तम डॉक्टर झालेलेही आहेत, परंतु २.९ आणि ४९७ घेऊन गेलेल्या मुलाचा अभ्यास तिथे पोहोचल्याने आपोआप सुधारत नाही. हा पर्याय सर्वांत शेवटी विचारात घ्यावा.

स्पेशल मास्टर्समध्ये विद्यार्थी मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षासारखे, काही ठिकाणी त्या वर्गातच बसून, विषय शिकतात. तिथले गुण मात्र पदव्युत्तर म्हणून वेगळे मोजले जातात, त्यामुळे २.९ हा आकडा तसाच राहतो. अनेक मेडिकल स्कूल ३.० खालील अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला काढतात. त्यासाठी आधी पदवीच्या पातळीवरील पोस्ट-बॅक करावे, कारण ते गुण मूळ जीपीएमध्ये मिळवले जातात. १२० क्रेडिट २.९ ने झाली असतील तर आणखी ३० क्रेडिट ३.८ ने केल्यावर एकूण ३.०८ होतो. त्यानंतरही गरज वाटली तरच मास्टर्सकडे वळावे, आणि तेही मन लावून अभ्यास होईल याची खात्री असेल तरच, कारण तो अभ्यासक्रम महागडा असतो आणि तिथे बी श्रेणी मिळाल्या तर सावरण्याची दुसरी जागा जवळजवळ उरत नाही.

४९७ का आले हे समजून घेतल्याशिवाय एमकॅट पुन्हा देऊ नये. तीच पुस्तके, तोच क्लास आणि तेच दोन महिने यांतून वेगळा निकाल निघत नाही. डीओ कॉलेजांकडे तुम्ही अद्याप गंभीरपणे पाहिलेले नाही, असे पत्रावरून वाटते. तिथे प्रवेश घेणाऱ्यांची सरासरी साधारण ३.६ आणि ५०४ च्या आसपास असते. २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीला एकाच संस्थेची मान्यता असते आणि डीओ डॉक्टर सर्व राज्यांत पूर्ण वैद्यकीय व्यवसाय करतात. पोस्ट-बॅक चालू असतानाच मुलाने एखाद्या डीओ डॉक्टरांबरोबर काही आठवडे राहून त्यांचे काम पाहावे आणि त्यांचे शिफारसपत्र घ्यावे.

तुमचा मुलगा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे का, हे पत्रात नाही. तो अजून व्हिसावर असेल तर पोस्ट-बॅकचे पैसे भरण्यापूर्वी एएएमसीच्या 'एमएसएआर' या प्रवेशनियमांच्या संग्रहात आणि डीओ कॉलेजांच्या स्वतंत्र माहितीत कोणती मेडिकल स्कूल अशा विद्यार्थ्यांचा अर्ज घेतात, हे एकेक करून पाहावे. अनेक मेडिकल स्कूल घेत नाहीत, आणि जी घेतात त्यांतील काही पूर्ण फीची रक्कम आधी बाजूला ठेवलेली दाखवायला सांगतात.