सेवाग्रामला लेकीला पाठवावं का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो, मूळचे मालवणकडचे. मुलीच्या नीटच्या गुणांवर सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज मिळेल असं दिसतंय. पण तिथे वसतिगृहातच राहावं लागतं, खादी घालावी लागते, आवारात मांसाहार चालत नाही, वर झाडलोट आणि प्रार्थना. नातेवाईक म्हणतात, डॉक्टर करायचंय की आश्रमात पाठवायचंय? मुलगी टेबल टेनिस खेळते, मैत्रिणींमध्ये रमणारी आहे. त्या लहानशा गावात ती सुकून जाईल, रात्रीबेरात्री काही झालं तर कोण बघेल, आणि पुढे पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत मुंबईच्या मुलांपेक्षा मागे पडेल, अशा तिन्ही काळज्या मला आहेत. यजमानांचं मत खासगी कॉलेजकडे झुकतंय, कारण तिथलं आवार नवंकोरं आहे. काय करावं?
एक आई, ठाणे

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, तरी एक गोष्ट त्यात सापडली नाही. सेवाग्रामबद्दल तुमची लेक स्वतः काय म्हणते? तुमचं मत आहे, यजमानांचं आहे, नातेवाइकांचंही आहे. पुढची साडेपाच वर्षं जिला तिथे काढायची, तिचं एकही वाक्य पत्रात नाही. माझ्या उत्तराचा सगळा भार याच गोष्टीवर आहे, म्हणून ती आधी सांगितली.

आता जागेबद्दल. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं हे कॉलेज, म्हणजे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या डॉ. सुशीला नायर या गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे देशाच्या आरोग्यमंत्री. खेड्यात राहून, खेड्यातल्या माणसांवर उपचार करत डॉक्टर घडवायचे, हा त्यांचा हेतू होता. संस्थेचं कस्तुरबा रुग्णालय तर त्याआधीचं. गांधीजी हयात असताना सुरू झालेल्या छोट्या दवाखान्यातून ते वाढत गेलं आणि आज तिथे सुमारे हजार खाटा आहेत. तेव्हा 'आश्रमात पाठवायचं का' असं विचारणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगा. विदर्भाच्या गावागावांतून आणि शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण तिथे येतात.

वर्गात मुलं असतात शंभर. मुंबईतल्या मोठ्या सरकारी महाविद्यालयांत एका वर्षाला २५० मुलं घेतात. शंभरांत शिक्षक मुलाला नावानं ओळखतात. कोण आठवडाभर जेवायला खाली आलं नाही, कोणाचा चेहरा उतरलाय, हे लपत नाही. वसतिगृह, वर्ग, वॉर्ड, ग्रंथालय, शिक्षकांची घरं, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. ठाण्याहून रोज लोकलनं जाणाऱ्या मुलीचे दोन-अडीच तास प्रवासात जातात, ते इथे तिच्या हातात राहतात. लहान निवासी महाविद्यालयाची सर्वांत मोठी सुविधा मला हीच वाटते, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात फोटोसकट छापलेली नसते.

याची दुसरी बाजूही सांगते. सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे एखाद्या मैत्रिणीशी बिनसलं तर दुसऱ्या दिवशी तिलाच नाश्त्याच्या रांगेत भेटावं लागतं. एकटं राहायला जागा कमी मिळते. काही मुलांना हे जड जातं. तुमची लेक माणसांत रमणारी आहे, तिला हे जमण्याची शक्यता जास्त.

झाडलोटीचं म्हणाल, तर प्रवेश झाल्यावर पहिले पंधरा दिवस नव्या मुलांचं शिबिर गांधीजींच्या आश्रमात असतं. पहाटे उठणं, प्रार्थना, सूतकताई, सफाई, भांडी, श्रमदान. गांधीजी राहायचे ती बापू कुटी तिथेच आहे, मातीच्या भिंतींची. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा ज्या खोलीत देशाचे निर्णय झाले ती एवढीशी असेल असं वाटलंच नव्हतं. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून १९४० साली सेवाग्राम झालं.

कोण्या आमदाराचा मुलगा असो की शेतमजुराची मुलगी, या पंधरा दिवसांत दोघं एकाच मोरीवर भांडी घासतात. निवासी महाविद्यालयात पहिल्या महिन्यात मुलांचे गट पडतात, तेही बहुतेक पैशांवरून, कपड्यांवरून, इंग्रजीवरून. इथे ते पडायच्या आत सगळे एकमेकांना मातीच्या हातांनी ओळखू लागलेले असतात. खादीचाही उपयोग मला तोच दिसतो. शंभर मुलं साध्या सुती कपड्यांत असली की कोणाच्या घरी काय आहे हे अंगावरून कळत नाही.

मग पहिल्याच वर्षी पंधरा दिवसांचं दुसरं शिबिर, गावात. दर वर्षीच्या तुकडीला एक गाव दिलं जातं आणि प्रत्येक मुलाकडे काही कुटुंबं. मुलं त्या घरांमध्ये जातात, कोण काय खातं, पाणी कुठून येतं, कोणाला मधुमेह आहे, कोणाचं बाळ वजनात कमी आहे याची नोंद करतात. शिबिर संपलं तरी कुटुंबं सुटत नाहीत, पुढेही भेटी चालू राहतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आणला. सेवाग्रामनं ते कितीतरी आधीपासून चालवलं आहे. तिथल्या डॉक्टरांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा उभा केला तेव्हा त्याची वर्गणी सुगीनंतर ज्वारीत घेतली जायची. शेतकऱ्याकडे रोख कधी असते आणि धान्य कधी असतं, हे माहीत असलेल्या माणसालाच असं सुचू शकतं.

तुमच्या लेकीला मराठी येतं, ही तिथे मोठी ठेव आहे. परराज्यातली मुलं रुग्णाशी बोलायला वर्षभर धडपडतात. तरी तिलाही थोडं शिकावं लागेल. वर्ध्याकडची आजी 'पोट दुखतंय' म्हणणार नाही, 'पोट दुखून राह्यलं' म्हणेल.

आता कपडे आणि जेवण. खादी वर्ध्याच्या उन्हाळ्यात त्रास देत नाही, उलट बरी वाटते. मे महिन्यात तिथे पारा ४५च्या वर जातो. सुती खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून शिवताना सैल शिवा. सगळे जोड ठाण्यातून नेऊ नका, दोन-तीन न्या, बाकीचे तिला तिथे घेऊ द्या. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, १९३८ पासूनचं. तिथली नैसर्गिक रंगांची खादी बघून तिला कपड्यांचं वेगळंच वेड लागेल, अशी माझी खात्री आहे.

मासळीचं मात्र मी गोड करून सांगणार नाही. मालवणी घरातल्या मुलीला महिनोन्महिने बांगडा नाही, सुकटसुद्धा नाही, ही साधी गोष्ट नव्हे. डबा पाठवून पळवाट काढायचा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाका. नियम मान्य करून प्रवेश घ्यायचा आणि पहिल्या महिन्यापासून आईच्याच मदतीनं तो मोडायचा, हे मी कोणत्याच मुलीला शिकवणार नाही. ती सुटीत घरी आली की पोटभर करून घाला.

म्हणूनच तिचं मत मला हवं आहे. काही वर्षांपूर्वी एका वडिलांनी मुलाला शिस्तीच्या, निवासी संस्थेत घातलं. संस्था चांगली होती, मुलगाही हुशार. पण तिथल्या नियमांचा कागद वडिलांनी वाचला, सही वडिलांनी केली, मुलाला गेटवर गेल्यावर कळलं. तीन महिन्यांत तो परत आला, आणि त्या गेलेल्या वर्षापेक्षा 'मला विचारलं नाही' हे त्याला जास्त लागलं. त्याला आधी कागद दिला असता तर कदाचित तो राहिलाही असता. तुमच्या लेकीच्या हातात नियमावली द्या, खादी, शाकाहार, प्रार्थना, श्रमदान, वसतिगृहाच्या वेळा, पदवीनंतरच्या ग्रामीण सेवेचं बंधपत्र, सगळं. तिला एक रात्र द्या. ती मनापासून 'हो' म्हणाली तर पाठवा. 'बघू, जमेल' म्हणाली तर अजून बोला. 'नाही' म्हणाली तर इतर सरकारी महाविद्यालयं प्राधान्यक्रमात वर टाका, त्यात तिचं काही चुकत नाही.

यजमानांच्या नव्याकोऱ्या आवाराबद्दल. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं जलतरण तलाव आणि काचेचं ग्रंथालय पाहून एक खासगी महाविद्यालय निवडलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. रात्री एक वाजता वसतिगृहात जबाबदार असं एकही माणूस नव्हतं, खोलीतल्या मैत्रिणींनीच रिक्षा शोधली. काचेचं ग्रंथालय संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. म्हणून कुठेही गेलात तरी इमारतीचं वय बघत बसू नका, रात्रीचं विचारा. रात्री ताप आला तर मुलगी कोणाला हाक मारते? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, आणि तिथून मुलींच्या वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का? उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं? मेसबद्दल तक्रार करायची तर मुलांची समिती आहे का, आणि तिनं मागच्या वर्षी काय बदलून घेतलं? टेबल टेनिसचं टेबल आहे का हे विचारू नका, 'परवा कोण खेळलं' ते विचारा. आवारात टेबल असतं, पण बऱ्याच ठिकाणी त्यावर जुन्या फायली ठेवलेल्या असतात.

सेवाग्रामलाही हेच प्रश्न विचारा. चांगल्या हेतूनं चालणाऱ्या संस्थेतही नळाला पाणी यावं लागतं.

सुरक्षेचं थोडक्यात. आवारातच मोठं रुग्णालय आहे, म्हणजे आजारपणात डॉक्टर शोधत फिरावं लागणार नाही. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा आहे, आणि दारू-तंबाखूपासून दूर राहणं हे संस्थेच्या आचारसंहितेतच आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आणि मन फार खचलं तर टेलि-मानसचा १४४१६, हे दोन्ही तिच्या फोनमध्ये आधीच घालून ठेवा. कुठल्याही कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये ते असायला हवेत.

पीजीच्या परीक्षेत मागे पडण्याची काळजी मला पटत नाही. नीट-पीजी देशभर एकच असते, आणि तिचा अभ्यास आजकाल सगळीकडची मुलं मोबाइलवरच्या व्याख्यानांतून करतात. ठाण्यातली खोली असो की वर्ध्यातली, व्याख्यान तेच. एक फरक जरूर आहे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत दुर्मीळ आजार आणि अतिविशेष विभाग जास्त बघायला मिळतात. तिला पहिल्या दिवसापासून मेंदूची किंवा हृदयाची शस्त्रक्रियाच खुणावत असेल, तर मुंबईचं सरकारी कॉलेज मिळत असताना ते सोडू नये. पण सर्पदंश, विषबाधा, बाळंतपणं, ॲनिमिया, सिकलसेल, क्षय हे सगळं सेवाग्रामला रोजचं आहे, आणि शंभराच्या वर्गात रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहायला जागा मिळते. एमबीबीएसला त्याची किंमत फार आहे.

पैशांचाही विचार करा. या संस्थेचा निम्मा खर्च केंद्र सरकार, पाव राज्य सरकार आणि पाव संस्था चालवणारी कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलते, त्यामुळे तिथली फी आणि खासगी महाविद्यालयाची फी यांची तुलनाच होत नाही. त्या खासगी प्रवेशासाठी कर्ज काढायचं ठरवत असाल, तर ते फेडायच्या दडपणाखाली तुमची मुलगी पुढे कुठली शाखा निवडेल, याचा एकदा शांतपणे विचार करा.

तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. मुलगी 'हो' म्हणत असेल तर त्या नव्या खासगी आवारापेक्षा मी डोळे मिटून सेवाग्राम निवडेन.

पण त्याआधी तिला घेऊन एकदा जाऊन या. ठाण्याहून रात्रीची गाडी धरली की सकाळी वर्धा, तिथून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. आश्रमात नंतर जा, आधी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसा. मग परवानगी घेऊन तिला मुलींच्या वसतिगृहात आत जाऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिची ती बोलेल. तुम्ही आणि यजमान बाहेर झाडाखाली थांबा. बाहेर आल्यावर लगेच काही विचारू नका, परतीच्या गाडीत ती आपणहून बोलायला लागेल. तेव्हा ती काय म्हणाली, ते मला कळवा.