हिमालय तयार होऊन कोट्यवधी वर्षं झाली, मग तिथे अजून भूकंप का होतात?

तुमच्या प्रश्नातल्या 'तयार होऊन' या शब्दांतच गोम आहे. हिमालय तयार झालेला नाही, होतो आहे. भूकंप हा त्याच कामाचा भाग.

आमच्या देवघरात आजीचा एक शाळिग्राम आहे. काळा, गुळगुळीत, एका अंगाला चक्र. लहानपणी ते चक्र मी बोटाने चाचपत बसायचो. पुढे भूगर्भशास्त्र शिकताना कळलं, की ते ॲमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचं कवच आहे, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचं. आणि हा दगड सापडतो कुठे, तर नेपाळात, मुक्तिनाथकडच्या काली गंडकीच्या पात्रात! त्या काळी तिथे टेथिस समुद्र होता. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्राच्या तळाशीच साचलेला आहे.

भारताची प्लेट, म्हणजे भारत ज्यावर बसला आहे तो पृथ्वीच्या कठीण कवचाचा प्रचंड तुकडा, उत्तरेकडे सरकत गेली तसा मधला समुद्रतळ आशियाखाली गेला. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी जमीन जमिनीला भिडली. समुद्रतळाचा खडक जड, तो खाली बुडतो. खंडांचा खडक हलका, त्याला तसं बुडता येत नाही. मग थर दुमडले, एकावर एक चढले आणि उंची वाढत गेली.

ही रेटारेटी आजही चालू आहे. भारत वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर सरकतो आणि त्यातले जवळपास २ सेंटिमीटर हिमालयात जिरतात. पण रोज थोडं थोडं सरकणं होत नाही, कारण खोलवर खडक खडकात अडकून बसलेला असतो. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा: रेटत राहावं तरी हलत नाही आणि मग एकदम हिसका देऊन उघडतं. १०० वर्षांत असे २ मीटर तुंबतात. २५ एप्रिल २०१५ला नेपाळात हिसका बसला, ७.८ रिश्टरच्या आसपासचा. काठमांडूखालची जमीन काही सेकंदांत सुमारे एक मीटर वर आली. जवळपास ९,००० माणसं गेली.

आपला सह्याद्री या टकरीतून झालेला नाही, तो लाव्हाच्या थरांचा. पण बसला आहे त्याच प्लेटवर, आणि उत्तरेकडचा दाब तिच्या पोटातही साठतो. किल्लारी हिमालयापासून हजार किलोमीटरहून लांब, तरी ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथली जमीन फाटली. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या.