नत्र शोषला, स्थिर केला की अंगी लागला?

प्रश्न असा आहे : "शेतकऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेची मुद्रितं तपासतोय. तुरीवरच्या एकाच परिच्छेदात नत्राचे 'शोषण', 'स्थिरीकरण' आणि 'सात्मीकरण' असे तीन शब्द आलेत. अर्थ एकच ना? सगळीकडे 'शोषण' केलं तर चालेल का? पुढे 'तळ्यातील शेवाळही हवेतला नत्र स्थिर करते' असंही वाक्य आहे."

नाही चालणार. नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, ही कामं तीन आहेत आणि ती करणारेही एकच नाहीत.

दिसायला सगळ्यात पुस्तकी शब्द सात्मीकरण, पण त्याचा अर्थ आपल्या स्वयंपाकघरात रोज बोलला जातो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजी ताटावर बसलेल्या नातवाकडे पाहून म्हणायची, "खाते तं दोघांचं, पण आंगी काही लागत नाही बाप्पा." पोटात जाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, हा भेद तिला पक्का ठाऊक होता. झाडाचंही तेच. मुळांनी नायट्रेट आत घेतलं म्हणजे ते नुसतं पोटात गेलं. पुढे त्याचं आधी नायट्राइट आणि मग अमोनियम होतं, अमोनियमपासून ग्लुटामिन, त्यातून बाकीची अमिनो आम्लं, प्रथिनं आणि पानातलं हरितद्रव्यही. हे अंगी लागणं म्हणजे सात्मीकरण. पुस्तिका माझ्या हाती असती तर मी कंसात 'अंगी लागणे' लिहून मोकळा झालो असतो.

शोषण हे मुळांचं काम. शब्द बरोबर आहे, फक्त त्याने टीपकागदाचं चित्र उभं राहतं, तेवढं फसवं. नायट्रेटवर ऋण प्रभार असतो आणि मुळाच्या पेशीची आतली बाजूही बाहेरच्या मानाने ऋणच. म्हणजे ते आपोआप आत झिरपत नाही, झाड ऊर्जा खर्चून ते ओढून घेतं. (मजुरांच्या शोषणाशी याचा संबंध नाही. तिथे ऊर्जा दुसऱ्याचीच खर्च होते.)

खरी गंमत स्थिरीकरणात आहे. हवेत शंभरात ७८ भाग नत्र, पण तो इतका मख्ख की फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने त्याला 'अझोट', म्हणजे जीव नसलेला, असं नाव दिलं होतं. जो मुळातच जागचा हलत नाही त्याला आणखी स्थिर काय करायचं? उत्तर जुन्या रसायनशास्त्रात सापडतं. तिथे उडून जाणारा पदार्थ घन पदार्थात बांधला गेला की तो 'स्थिर' झाला असं म्हणत. जोसेफ ब्लॅकने १७५०च्या दशकात चुनखडीत अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडला 'स्थिर हवा' असंच म्हटलं होतं. आपला शब्द त्याच घराण्यातला. अर्थ एवढाच, की हवेतला नत्र अमोनियात बांधला गेला आणि तिथूनच तो झाडाच्या कामाचा झाला.

आता त्याच पुस्तिकेत स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, पान काढा. तिथे 'जमिनीत स्फुरद स्थिर होतो' असं असेल, तर ती तक्रार आहे! आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त मातीत स्फुरद कॅल्शियमशी जखडला जातो आणि पिकाला मिळत नाही. नत्र स्थिर झाला की नफा, स्फुरद स्थिर झाला की तोटा. वाचणाऱ्याने काय समजावं? स्फुरदाच्या पानावर सरळ 'जखडला जातो' लिहा.

शिवाय स्थिरीकरण तूर करत नाही, तिच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू करतात. ऑगस्टमध्ये कळमेश्वरकडे साळ्याच्या शेतात सोयाबीनचं एक झाड मातीसकट उकरलं, मुळं बादलीत हलवून धुतली आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ नखाने फोडली. आत गुलाबी-लाल निघाली. म्हणजे कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. स्थिरीकरण करणारं विकर (एन्झाइम) प्राणवायूने बिघडतं, म्हणून हा लाल पहारेकरी मोकळा प्राणवायू अगदी कमी ठेवतो.

शेवाळाचं वाक्य मात्र बदलावंच लागेल. फुटाळा तलावाच्या पायऱ्यांवर पाय घसरवणारं हिरवं शेवाळ हवेतला नत्र बांधू शकत नाही. ते पाण्यात विरघळलेलं नायट्रेट आणि अमोनियम घेतं. बांधतात ती काही 'नील-हरित शेवाळं', जी नावाने शेवाळ पण जातीने जिवाणू. त्यांच्यातल्या ॲनाबिनासारख्यांच्या माळेत अधूनमधून एक जाड भिंतीची पेशी असते. प्राणवायूला बाहेर ठेवून नत्राचं काम तिथेच चालतं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांधीला उपयोग आहे तो यांचा.

तेव्हा तुमचा परिच्छेद असा करता येईल : "तुरीच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात. जमिनीतला नत्र मुळे शोषून घेतात. दोन्ही मार्गांनी आलेला नत्र पिकाच्या अंगी लागतो." आणि नत्र 'तो' की 'ते', दोन्ही छापलेलं दिसतं. नायट्रोजन 'तो' म्हणून मी 'तो'च लिहितो. तुम्ही 'ते' लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त पान उलटताना बदलू नका.