सोळा दिवसांत आयोडीन-131 का संपत नाही?

आयोडीन-131 या आयोडीनच्या किरणोत्सारी प्रकाराचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातल्या निम्म्या अणूंचे विघटन व्हायला लागणारा काळ, 8 दिवसांचे असेल, तर 16 दिवसांत ते सगळे संपायला हवे, मग उत्तरात पाव भाग शिल्लक कसा दाखवतात, असा तुमचा प्रश्न आहे. तो रास्त आहे, कारण ‘आयुष्य’ या शब्दानेच इथे घोटाळा होतो. माणूस म्हातारा होतो, अणू होत नाही. आज तयार झालेले केंद्रक (अणूचा गाभा) असो वा महिनाभर टिकून राहिलेले, पुढच्या 8 दिवसांत त्याचे विघटन होण्याची शक्यता निम्मीच असते. त्यामुळे दर 8 दिवसांनी निम्मे होते ते उरलेल्याचे, मूळ साठ्याचे नव्हे.

वर्गात मी हे फोडलेल्या चिंचोक्यांनी दाखवतो. शंभर फोडी डब्यात खुळखुळवून फरशीवर टाकायच्या, पांढरी बाजू वर आलेल्या काढून घ्यायच्या आणि उरलेल्या पुन्हा टाकायच्या. गेल्या खेपेस 100, 54, 29, 13, 8 असे आकडे आले. कोणती फोड केव्हा पांढरी पडेल हे कोणालाच सांगता येत नाही, तरी ढीग मात्र ठरावीक चालीने घटतो. शेवटच्या तीन-चार फोडी उरल्या की ही चाल बिघडते. अत्यंत लहान नमुन्यातही अब्जावधी अणू असल्यामुळे तिथे ती इतकी काटेकोर दिसते. भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डने 1900 साली कॅनडातील माँट्रियल येथे थोरियमपासून निघणाऱ्या वायूची किरणोत्सारिता सुमारे दर मिनिटाला निम्मी होताना मोजली, तीही अशाच प्रचंड समूहाची.

आता एक नेहमीची चूक. 400 मिलिग्रॅममधून 8 दिवसांनी 200 आणि 16 दिवसांनी 100 उरतात, म्हणून 12 दिवसांनी 150 उरतील असे पुष्कळ विद्यार्थी लिहितात. घट सरळ रेषेत होत नाही. दीड अर्धायुष्यानंतर सुमारे 141 मिलिग्रॅम उरतात.

शिवाय विघटन झालेले आयोडीन नाहीसे होत नाही. त्याच्या केंद्रकात 53 प्रोटॉन आणि 78 न्यूट्रॉन असतात. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) बाहेर पडतो आणि 54 प्रोटॉनांचे झेनॉन-131 तयार होते. वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या, तोच राहतो. नमुना तापवला किंवा त्याचे दुसरे संयुग केले, तरी हा वेग बदलत नाही, कारण रासायनिक अभिक्रिया बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपुरत्या असतात आणि हा बदल केंद्रकात घडतो.

उदाहरण सोडवताना ‘उरलेला भाग’ विचारला आहे की ‘विघटन झालेला’, हे आधी पाहा: 24 दिवसांनी पहिला 1/8 असतो, दुसरा 7/8.