टोकियोजवळ समुद्राकाठी एका दिवसात होईल असा छोटा डोंगर कोणता, आणि आसपास काय पाहावं?

नोकोगिरियामा. चिबा प्रांतात, टोकियोच्या आखाताला खेटून उभा आहे. उंची फक्त 329 मीटर. मी योकोहामात राहतो आणि पाहुणे आले की त्यांना आधी इथेच नेतो.

रोपवे आहे, पण गुडघे साथ देत असतील तर निदान चढताना तरी पायी जा. इथला दगड इदो काळापासून (1603-1868) ते 1985 पर्यंत तोडला जात होता. योकोहामा बंदराच्या बांधकामातही तो वापरला गेला. करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी डोंगराची कड या खाणींमुळेच झाली आहे. ‘शारिकी’ नावाच्या वाटेनं चढा. साधारण 80 किलोचा एक, असे तीन दगड गाड्यावर लादून बायका याच उतारावरून खाली आणत. गाड्यांच्या चाकोऱ्या अजून खडकात दिसतात. त्यात बोट घालून पाहा. वर खाणीच्या उभ्या कातीव भिंतींपाशी मात्र घाई करू नका. माझ्या मते डोंगरावरचं सगळ्यात भारी ठिकाण तेच. लोक मात्र कड्याबाहेर आलेल्या ‘जिगोकु नोझोकी’ या सुळक्यावर फोटोसाठी रांग लावतात आणि तिथूनच परत फिरतात.

पलीकडच्या उतारावर 725 साली स्थापन झालेलं निहोनजी मंदिर आहे. तिथली दगडात कोरलेली बसलेली बुद्धमूर्ती 31 मीटर उंच, म्हणजे नारा शहरातल्या प्रसिद्ध बुद्धमूर्तीच्या दुप्पट. वाटेत अर्हतांच्या, म्हणजे बुद्धाच्या ज्ञानी शिष्यांच्या, शेकडो मूर्ती लागतील. मेइजी काळातल्या (1868-1912) बौद्धविरोधी लाटेत त्यातल्या कितीतरींची मुंडकी उडवली गेली. ते पाहून फार वाईट वाटतं, तरी ती वाट चुकवू नका. पायऱ्या मात्र भरपूर आहेत. आईवडील बरोबर असतील तर रोपवेनं जाऊन वरचाच भाग निवांत पाहा.

जायला जेआरचं, म्हणजे जपान रेल्वेचं, हामा-कानाया स्टेशन आहे. पण आखातापलीकडच्या कुरिहामाहून फेरीबोटीनं या, असं मी सांगेन. 40 मिनिटांत आखात ओलांडता येतं. 1853 साली अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी उतरला तो किनारा हाच कुरिहामाचा. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की पाण्यापलीकडे फुजी दिसतो.

कानायात ‘आजी’ नावाचा मासा तळलेला मिळतो, तो खा. शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा, कारण आमटीतही माशाचं पाणी असतं. वेळ उरला तर ‘होता’ नावाचं पुढचं स्टेशन गाठा. उकियो-ए या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचा आद्य कलाकार हिशिकावा मोरोनोबु याच गावचा. त्याचं संग्रहालय इथे आहे. बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत आता भाजीबाजार भरतो आणि वर्गांमध्ये मुक्कामही करता येतो. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर होताच्या मागच्या टेकड्यांवर नर्गिस फुललेला असतो.