हॉड स्टुअर्ट : पगार घेऊन खेळलेला कव्हर-पॉइंट

आइस हॉकीत पैसे घेऊन खेळायला सुरुवात कधी झाली आणि त्या पहिल्या पिढीतला एखादा विसरला गेलेला खेळाडू कोण, असं तुम्ही विचारलंय. मी एकच नाव सांगेन, हॉड स्टुअर्ट.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पार उत्तरेला हाउटन नावाचं गाव आहे. मी तिथे दोन वर्षं शिकायला होते. कालव्याकाठी रिंक, म्हणजे हॉकीचं बर्फाचं मैदान, आहे. तिथे पहिल्यांदा कठड्याला टेकून उभी राहिले आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कडेच्या फळीवर आदळला, तेव्हा तो आवाज कानांच्या आधी छातीत जाणवला. त्याच जागी पूर्वी ॲम्फिड्रोम नावाची रिंक होती आणि हॉड तिथे खेळला होता, हे कळल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

त्याचा जन्म १८७९चा, ओटावाचा. त्या काळी कॅनडात खेळासाठी पैसे घेणं हा चक्क गुन्हा मानत. १८९८ साली ऑन्टारियोतल्या बर्लिनच्या, म्हणजे आजच्या किचनरच्या, खेळाडूंनी बक्षीस म्हणून सोन्याची नाणी स्वीकारली, तर तिथल्या हॉकी संघटनेने अख्खा संघ निलंबित केला. त्याच संघातला डॉक गिब्सन पुढे हाउटनला दातांचा डॉक्टर झाला आणि तिथे त्याने हॉकी उभी केली. तांब्याच्या खाणींमुळे तिथे पैसा होता. १९०४ साली उघडपणे पगार देणारी पहिली लीग सुरू झाली. तिच्यात पाच संघ होते : हाउटन, कॅल्युमेट, पिट्सबर्ग आणि अमेरिका-कॅनडा सीमेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या सू सेंट मेरी या एकाच नावाच्या दोन गावांचे दोन संघ.

हॉड १९०२ मध्ये पिट्सबर्गला आला तेव्हा त्याला आठवड्याला १५ ते २० डॉलर मिळत. दोनच वर्षांत कॅल्युमेटने खेळाडू, कर्णधार आणि व्यवस्थापक अशा तिहेरी कामासाठी त्याला १,८०० डॉलर दिले, आणि त्या मोसमात कॅल्युमेटच जिंकलं. पुढच्या वर्षी इतर संघांनी तक्रारी करून त्याला लीगबाहेर काढायला लावलं. एक तक्रार अशी होती की हा फारच वेळा जिंकतो! काही आठवड्यांत त्याला परत घेतलं, या वेळी पिट्सबर्गसाठी.

त्याची जागा कव्हर-पॉइंटची. तेव्हा बर्फावर सात जण असत आणि दोन बचावपटू शेजारीशेजारी नव्हे, तर एकामागे एक उभे राहत. त्यातला पुढचा तो कव्हर-पॉइंट. समोरून येणारा हल्ला पहिल्यांदा त्याच्यावर यायचा, आणि पक हाती लागला की तो घेऊन पुढे मुसंडी मारणंही त्याच्याकडेच. हॉड अंगाने दणकट होता, पण त्याची खरी ताकद डोक्यात होती असं मला वाटतं. मारामारीने खेळ नासतोय, हे तो उघड बोलायचा.

डिसेंबर १९०६ मध्ये पिट्सबर्ग सोडून तो मॉन्ट्रियल वॉन्डरर्स या कॅनडातल्या संघाकडे आला. जानेवारीत ओटावाविरुद्धच्या सामन्यात आल्फ स्मिथने त्याच्या कानशिलावर काठी हाणली आणि हॉड आडवा झाला. प्रकरण कोर्टात गेलं, स्मिथला २० डॉलर दंड झाला. मार्चमध्ये स्टॅन्ले चषकासाठी, म्हणजे कॅनडातल्या हॉकीच्या सर्वोच्च चषकासाठी, वॉन्डरर्स केनोराच्या संघाशी भिडले, तर केनोराने बाहेरून आणलेल्या खेळाडूंत तोच आल्फ स्मिथ! दोन सामन्यांचे मिळून १२-८ असे गोल झाले आणि चषक वॉन्डरर्सकडे आला. माझ्या मते हॉडच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण हाच.

त्यानंतर तो वडिलांच्या बांधकामाच्या धंद्यात, बेलव्हिलला गेला. २३ जून १९०७ रोजी मित्रांबरोबर पोहायला गेला असताना त्याने सूर मारला. पाणी उथळ होतं, खाली खडक होते. डोकं आपटून तो जागीच गेला. वय अवघं २८. मागे बायको आणि दोन लहान मुलं. विमा, पेन्शन असलं काही त्या काळच्या खेळाडूला कुठलं मिळणार?

मग त्याच्या साथीदारांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनी मिळून एक सामना ठेवला. २ जानेवारी १९०८ रोजी मॉन्ट्रियल अरिनात एका बाजूला वॉन्डरर्स आणि दुसऱ्या बाजूला वॉन्डरर्सच्याच लीगमधल्या इतर संघांचे निवडक खेळाडू उतरले. हॉकीतला पहिला ऑल-स्टार सामना म्हणून आज त्याचीच नोंद आहे. वॉन्डरर्स १०-७ असे जिंकले. सुमारे ३,५०० लोक आले होते. जमलेले दोन हजारांहून जास्त डॉलर हॉडच्या बायकोमुलांना दिले गेले.